पावसाचा गुन्हा निम्माच: अठ्ठेचाळीस रेझिन शिपायांचं प्रकरण

पहिला मावळा २ जुलैच्या सकाळी सोलला गेला. खरोखर सोललाच. मी त्याला कमरेला धरून उचललं, तर अंगठ्याखाली अंगरख्याचा मळका पांढरा रंग आणि त्याखालचा करडा प्रायमर, दोन्ही एकदम सरकले, दुधावरची साय सरकते तसे. खाली रेझिन दिसलं, म्हणजे ज्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा हा छोटा शिपाई होता तो. त्याला बोट लावलं तर बोट चिकटलं.

बाहेर पाऊस. कोल्हापुरात त्या आठवड्यात सूर्य कुणी पाहिलाच नव्हता. त्यामुळं आम्ही सहाही जणांनी एका सुरात निकाल दिला: दमट हवा, दुसरं काय! हा निकाल निम्मा चुकीचा निघाला. तो कसा चुकला आणि खरं कारण सापडायला चार दिवस का लागले, ते लिहून ठेवतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही टेबलावर छोट्या शिपायांच्या लढाया खेळतो. इंच टेपनं चाल मोजायची, फासे टाकायचे, कोण पडलं ते ठरवायचं. शिपाई २८ मिलिमीटरचे, म्हणजे तळपायापासून डोळ्यापर्यंत २८. डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोक्यावर कधी पगडी असते, कधी शिरस्त्राण, उंचीचा हिशेबच लागत नाही. जगभर हा खेळ खेळणारे बहुतेक जण नेपोलियनचं सैन्य नाहीतर अंतराळातले चिलखती योद्धे रंगवतात. आम्हाला १३ जुलैला पावनखिंड मांडायची होती. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निघाले आणि १३ ला घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांनी पाठलागावरचं सैन्य अडवून धरलं. पन्हाळा आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर. दरवर्षी याच तारखांना लोक भर पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. आम्ही चालणारे नाही, बसून खेळणारे. पण तारीख चुकवायची नाही, असं ठरलं होतं.

हे शिपाई पहिल्यांदा पाहणाऱ्या कोल्हापूरकराला काही समजावून सांगावं लागत नाही. "किल्ल्यावरचं मावळं व्हय?" असं विचारतो आणि उचलून बघतो. दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडत मोठं झालेलं गाव आहे हे. फरक इतकाच की मातीचा मावळा भट्टीतून निघतो आणि त्याच्यावर कुठलाही रंग बसतो. रेझिनचं तसं नाही.

एकूण ४८ शिपाई. त्यातले ३६ थ्रीडी प्रिंटरवर काढलेले: २० बांदल, १६ आदिलशाही पायदळ. ते शहरातल्याच एका ओळखीच्या पोरानं घरच्या प्रिंटरवर काढून दिले. उरलेले १२ मी ओतले, सहा घोडेस्वार आणि पालखीचे सहा भोई. मी उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये काम करतो. लाकडाचे पॅटर्न, म्हणजे फाउंड्रीत ज्यावरून वाळूचा साचा घेतात ते नमुने, करणं हा माझा धंदा, त्यामुळं मूळ नमुने कोरणं, त्यावर सिलिकॉनचा साचा घेणं आणि पॉलियुरेथेन रेझिन ओतणं मला जड गेलं नाही. हे बारा शिपाई माझे आहेत, हे पुढं महत्त्वाचं ठरणार आहे.

२२ जूनला सगळ्यांना एकदम स्प्रे प्रायमर मारला. रंगकाम ३० पर्यंत चाललं. १ जुलैला संध्याकाळी त्यावर मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि झोपलो.

सकाळी काय दिसलं

तीन गोष्टी दिसल्या आणि त्या तीन आहेत हेच आम्हाला आधी कळलं नाही.

सगळ्या ४८ शिपायांवर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर होता. काळ्या घोंगड्या राखेत लोळवल्यासारख्या दिसत होत्या. प्रिंट केलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा रंग हात लावला की सरकत होता. आणि माझ्या घोडेस्वारांचा रंग सरकत नव्हता, तो टवके उडून निघत होता. अंड्याचं टरफल सोलावं तसे कोरडे, स्वच्छ, खणखणीत टवके. एका घोड्याच्या पुठ्ठ्यावरचा तुकडा मी नखानं उचलला, तर त्याच्या आतल्या बाजूला घोड्याचे स्नायू उमटलेले दिसले. इतका छान निघाला की क्षणभर कौतुकच वाटलं.

फाउंड्रीत कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, आलं की मोल्डर भट्टीवाल्याकडं बोट दाखवतो, भट्टीवाला वाळूकडं, आणि वाळूवाला पॅटर्न बरोबर नाही म्हणतो. वीस वर्षं हे ऐकतोय. रिजेक्शनची कारणं शोधायची तर तुकडे वेगळे करून बघावे लागतात, हेही वीस वर्षं ऐकतोय. तरी घरी मी तेच केलं. सगळा ढीग एकत्र बघितला आणि पावसाकडं बोट दाखवलं.

पहिला दिवस आम्ही पावसाशी लढण्यात घालवला. पंखा लावला, खोली बंद केली, हेअर ड्रायर फिरवला. हेअर ड्रायरनं एका बांदलाचा भाला चंद्रकोरीसारखा वाकला. बाकी काही झालं नाही.

कुंभार गल्लीतला प्रश्न

आमच्यातल्या एकाचे मामा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती रंगवतात. जुलै म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. ओळीनं मूर्ती उभ्या, काही पांढऱ्या, काही अंगाच्या रंगापर्यंत आलेल्या, डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. कॉम्प्रेसर चालू, कोपऱ्यात पिवळे बल्ब. आम्ही डबा उघडून आमची व्यथा सांगितली आणि अर्थातच पावसाला चार शिव्या दिल्या.

मामा हसले. "पावसाला कशाला शिव्या देताय रे? आम्ही काय उन्हाळ्यात गणपती रंगवतो व्हय?"

मग त्यांनी एक बांदल हातात घेतला, रंग निघालेल्या जागी अंगठा दाबला, सोडला आणि अंगठ्याकडं बघितलं. घोडेस्वारालाही तसंच केलं. दोघांना वेगवेगळ्या बाजूला ठेवलं. "ह्यो आतनं वला हाय," बांदलाकडं बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्यो तेलकट हाय. दोघांस्नी एक औषध कसं चालंल?"

हे वाक्य ऐकून मला माझीच लाज वाटली. तेलकट! मी साच्यावर सिलिकॉनचा रिलीज स्प्रे मारला होता. साचा जास्त दिवस टिकावा म्हणून प्रत्येक ओतकामाआधी मारायचो. फाउंड्रीत पॅटर्न वाळूला चिकटू नये म्हणून पार्टिंग लावतात, ती माझी रोजची गोष्ट. जे साच्याला चिकटू देत नाही, ते रंगालाही चिकटू देणार नाही, हे कळायला काही कॉलेज लागत नाही. ओतलेले शिपाई साबणाच्या पाण्यानं धुवायचे असतात हेही मला माहीत होतं. घाईत धुतले नाहीत, एवढंच.

प्रिंटवाल्या पोराला फोन केला. कसं धुतलंस, कसं क्युअर केलंस, म्हणजे प्रकाशात घट्ट केलंस, एवढंच विचारलं. पोरगं प्रामाणिक. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एकाच बरणीत ३६ चे ३६ धुतले होते, आणि त्या बरणीत आधीच्या दोन ऑर्डरीही धुतलेल्या. नंतर गच्चीवर ठेवून क्युअर केले. "एप्रिलमध्ये दहा मिनिटांत कडक व्हायचे की ओ," म्हणाला.

एप्रिलमध्ये होणारच. प्रिंटरचं रेझिन अतिनील प्रकाशानं घट्ट होतं, प्रिंटरच्या आतला दिवा साधारण ४०५ नॅनोमीटरचा असतो, आणि उन्हातही ते काम होतं. पण प्रिंटरमधून निघालेला शिपाई पूर्ण घट्ट नसतो. त्याच्या अंगावर ओल्या रेझिनचा थर असतो. तो अल्कोहोलनं धुऊन काढायचा, शिपाई खडखडीत वाळवायचा आणि मग पुन्हा प्रकाश द्यायचा. अल्कोहोलच रेझिननं दाटलेलं असेल तर धुणं म्हणजे नुसतं माखणं. त्यात जूनच्या ढगांखालची दहा मिनिटं. शिवाय अगदी वरच्या पापुद्र्याला हवेतला ऑक्सिजन घट्ट होऊ देत नाही, म्हणून आत कडक झालेला शिपाईसुद्धा वरून चिकट राहू शकतो. त्या चिकट पापुद्र्यावर आम्ही प्रायमर मारला, प्रायमरवर रंग. घराचा पाया चिखलात आणि आम्ही भिंतीला पुट्टी लावत बसलो होतो.

म्हणजे पावसाचा हात होता, पण आम्ही समजत होतो तिथं नव्हता. रंगकामाच्या वेळी नव्हे, त्याच्या आधी, गच्चीवर.

सहा शिपायांवर प्रयोग

आता लगेच सगळे धुवायला घ्यावेत, अशी घाई दोघांना झाली होती. मी अडलो. मामांचा अंगठा बरोबर असेलही, पण १० दिवसांत पुन्हा फसलो तर तारीख गेली. म्हणून सहा शिपाई काढले, चार प्रिंटचे आणि दोन ओतलेले.

प्रिंटच्या दोघांना नुसतं ताज्या अल्कोहोलनं धुतलं. दुसऱ्या दोघांना धुऊन, रात्रभर वाळवून, पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवून यूव्ही, म्हणजे अतिनील, दिव्याखाली ठेवलं. पाण्यामुळं ऑक्सिजन पृष्ठभागापासून लांब राहतो, म्हणून बरणी. ओतलेल्यांपैकी एकाला भांडी घासायच्या साबणानं, कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशनं घासलं, दुसऱ्याला तसाच ठेवला, फक्त टवके झाडून. मग सहाही जणांना ब्रशनं प्रायमर, २४ तास थांबणं, आणि त्यावर सेलोटेप दाबून झटक्यात ओढणं.

तसाच ठेवलेला घोडेस्वार टेपबरोबर नागडा झाला. साबणानं धुतलेल्याचा प्रायमर कणभरही हलला नाही. प्रिंटमध्ये नुसते धुतलेले दोघे निम्मे पास झाले: छातीवर टिकला, काखेत आणि घोंगडीच्या घडीत निघाला, म्हणजे जिथं ब्रश पोचला नव्हता तिथं. धुऊन क्युअर केलेले दोघे पूर्ण पास.

या चार-पाच तासांच्या कामानं जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या चर्चेनं कळलं नव्हतं. नुसत्या धुतलेल्यांचं निम्मं यश मला सगळ्यात घातक वाटतं. प्रयोग न करता आम्ही तेवढ्यावरच थांबलो असतो, शिपाई वरवर ठीक दिसले असते आणि दिवाळीपर्यंत काखेतून सोलत राहिले असते.

याच दरम्यान ५ जुलैला खिंडीच्या कड्यानं आवाज केला. टेबलावर मांडायचा कडा प्रिंटच होता, मोठा म्हणून रेझिन वाचवायला आतून पोकळ काढलेला. निचऱ्याचं भोक मात्र ठेवलं नव्हतं. आत कोंडलेलं ओलं रेझिन भिंतीवर जोर करत राहिलं आणि बुडापासून वीतभर चीर गेली. त्यातून हिरवट रस पाझरून वर्तमानपत्रावर पसरला. तळाला दोन भोकं पाडली, रस काढला, आतून अल्कोहोल फिरवलं, भोकातून यूव्ही टॉर्च धरली. चीर बुजवली नाही. पाणी झिरपणारी भेग म्हणून ती छान दिसते.

धुलाई

६ ते ८ जुलै नुसती धुलाई. प्रिंटचे शिपाई अल्कोहोलमध्ये पाच-सात मिनिटं, मग टूथब्रश. जास्त वेळ बुडवून ठेवले तर रेझिनच मऊ पडतं, मग बारीक बोटं आणि तलवारीच्या मुठी गळायला लागतात. आमच्या तीन शिपायांवर तो प्रसंग आला, कारण मध्येच चहा आला. दोन बरण्या ठेवल्या, पहिली मळकी, दुसरी स्वच्छ, आणि क्रम कधी उलटा केला नाही.

हे काम हातमोजे घालूनच करायचं, नायट्राइलचे. ओलं रेझिन कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. घासायचं असेल तर पाण्याखाली घासायचं, सुकी भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही. उरलेलं मळकं अल्कोहोल मोरीत ओतायला एकजण निघाला होता. त्याला अडवलं. पंचगंगेत आधीच काय कमी आहे? ते बरणीत झाकून ठेवलं आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा गाळ दगडासारखा झाला, मग टाकला.

माझे बारा साबणानं धुतले. वाकलेले भाले गरम पाण्यात धरून सरळ केले आणि लगेच गार पाण्यात बुडवले. ओतलेलं रेझिन याला छान ऐकतं. प्रिंटचा भाला मात्र ऐकेलच असं नाही: चार मोडले. तिथं पितळेची बारीक तार बसवली, सुपरग्लूनं. प्लॅस्टिकचा सिमेंट रेझिनला चिकटत नाही, तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, आणि रेझिन त्यात विरघळत नाही.

राहिली पांढरी बुरशी. ती मात्र संपूर्ण पावसाची. १ जुलैच्या संध्याकाळी आमच्या खोलीतलं, हवेतली ओल मोजणारं हायग्रोमीटर ८८ टक्के दाखवत होतं आणि तरी मी मॅट स्प्रे मारला. अशा हवेत फवाऱ्याबरोबर ओल थरात अडकते आणि व्हार्निश पांढरं पडतं. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: वरून ब्रशनं ग्लॉस, म्हणजे चमकदार, व्हार्निशचा हात. प्रयोगातल्या शिपायांवर ज्या जागी जुना रंग उरला होता, तिथं ग्लॉस फिरवल्याबरोबर राखेतून काळी घोंगडी वर आली. पुढं आम्ही स्प्रेच बंद केला. प्रायमर ब्रशनं, व्हार्निश ब्रशनं. आणि वाळवायला मामांकडचा धडा: पुठ्ठ्याचं खोकं, वर भोक, आत एक जुना साठ वॅटचा बल्ब, शिपाई बल्बपासून हातभर लांब. आत हात घातला तर ऊबदार वाटायला हवं, चटका नको, नाहीतर हेअर ड्रायरवाली चंद्रकोर पुन्हा.

रंग

रंगकाम दुसऱ्यांदा चार दिवसांत उरकलं आणि पहिल्यापेक्षा बरं झालं. पहिल्या वेळी आम्ही प्रत्येक मावळ्याची किनार, गाठ, बोट उजळत बसलो होतो. आता वेळच नव्हता. काळपट प्रायमरवर वरून फिकट करड्याचा सुका ब्रश फिरवला, म्हणजे उजेड कुठून येतो ते ठरलं. कातडीला बर्न्ट सिएना, थोडा यलो ऑकर, कणभर पांढरा. त्यावर बर्न्ट अंबरचं पातळ पाणी सोडलं की ते सुरकुत्यांत आपोआप उतरतं. घोंगडीला काळ्यावर करडा, तोही जवळजवळ पुसलेल्या ब्रशनं. ट्यूबमधला रंग जाड असतो, एका हातात झाकू नये. तीन पातळ हात दिले तर मुंडाशाची वीण दिसत राहते. टिफिनच्या झाकणात ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर, ही आमची पॅलेट. पावसाळ्यात तिची गरज नसते खरं तर, रंग तसाही वाळत नाही.

डोळ्यांवरून मामांशी वाद झाला. माझं मत अजूनही तेच आहे: २८ मिलिमीटरच्या शिपायाला, तेही पावसातल्या लढाईत, डोळे काढू नयेत. भुवईखाली गडद रेघ पुरते. हातभर अंतरावरून डोळा दिसतच नाही, दिसतो तो दचकलेला चेहरा. मामा म्हणाले, "डोळं उघडल्याबिगर मूर्ती कशी जित्ती व्हईल?" आणि माझ्या हातातून बाजीप्रभू काढून घेतले. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला. आधी गडद रेघ, तिच्यात मळक्या पांढऱ्याची बारीक टिकली, मग बाहुली म्हणून ठिपका न देता वरच्या पापणीपासून खालच्यापर्यंत एक उभी रेघ. वर आणि खाली पापणीला टेकलेली बाहुली दचकलेली दिसत नाही. एका डोळ्याला साधारण दहा सेकंद. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी बाहेरून कुणीतरी "मामा, प्रभावळ कुठं ठेवू?" म्हणून ओरडलं, तरी हात हलला नाही. बाकीच्या ४७ जणांना डोळे नाहीत. एकट्या बाजींना आहेत, आणि वाद मी हरलोय हे मला मान्य करावं लागतं.

बुडाला चिखल म्हणून लाल माती चाळून सरसात बसवली. त्यावर मॅट मारायचं होतं, पण बुरशी काढण्यासाठी आणलेला ग्लॉस हाताशी होता. तो चिखलावर सोडला. आषाढातला चिखल चमकतोच.

१३ जुलै आम्हाला साधली नाही. पुढच्या रविवारी खेळलो, ४८ पैकी ४० घेऊन. आठ कमी पडले: तीन अल्कोहोलमध्ये विरलेले, चार भालेवाले, ज्यांची तार अजून घट्ट बसली नव्हती, आणि तो पहिला सोललेला मावळा. सहाव्या फेरीपासून दर फेरीला एक फासा, सहा पडला की विशाळगडावरची एक तोफ, तीन तोफा झाल्या की खिंड राखली, असा नियम होता. तिसरी तोफ अकराव्या फेरीत झाली. तोवर खिंडीत चार बांदल उभे होते. खेळताना शिपाई शंभरदा उचलले गेले, घामेजल्या हातांनी, एकदा भडंगाच्या हातांनीही. रंग कुणाचाच निघाला नाही. भाल्यांची टोकं दोन ठिकाणी घासली, ती घासतातच.

प्रिंटवाल्या पोरानं नंतर यूव्ही दिव्याचं खोकं केलं आणि आता दोन बरण्या ठेवतो. त्याच्याकडून नवी ऑर्डर आली की आम्ही आधी एक शिपाई अंगठ्यानं दाबतो, मग पैसे देतो. माझ्या साच्याजवळ भांड्यांचा साबण ठेवलाय.

२ जुलैला सोललेला तो पहिला मावळा मात्र मी धुतला नाही. नमुना म्हणून फळीवर तसाच उभा आहे, वर्ष होऊन गेलं. अजून चिकट आहे. डाव्या खांद्याला एक डास लागलाय.